काचेवरच्या ठिणग्या : जावाच्या आकाशातली 16 मिनिटे

शेवट आधीच सांगून टाकलेला बरा. विमानातले सर्व 263 जण वाचले. 24 जून 1982 च्या रात्री, जावा बेटाच्या दक्षिणेला, ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो जेटची चारही इंजिने बंद पडली आणि सुमारे तेरा मिनिटे ते इंजिनांविना उडत राहिले. त्याआधी दोन-तीन मिनिटे वैमानिकांना समोरच्या काचेवर दिवे दिसत होते. त्यांचा अर्थ कॉकपिटमधल्या कोणालाही लागला नाही. अर्थ लावायला लागणारी माहिती जमिनीवर मात्र 80 दिवसांपासून होती.

खालच्या घड्याळी वेळा जकार्ताच्या आहेत. मुंबईचे घड्याळ त्याच्या दीड तास मागे असते.

18 मे 1980

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा स्फोट झाला. राखेचा लोट वीस किलोमीटरहून अधिक उंच गेला. आठवड्याने, 25 मे रोजी, नव्या उद्रेकाच्या राखेत चार इंजिनांचे एक हर्क्युलिस मालवाहू विमान शिरले. त्याची दोन इंजिने बंद पडली. उरलेल्या दोन इंजिनांवर ते उतरले.

राख इंजिन बंद पाडू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले होते. पण ज्वालामुखी फुटला की वैमानिकाला कळवायचे कोणी, किती वेळात आणि कोणत्या मार्गाने, याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था त्यानंतरही उभी राहिली नाही.

5 एप्रिल 1982

पश्चिम जावामधला गालुंगगुंग पर्वत फुटला. उंची 2,168 मीटर. जकार्तापासून आग्नेयेला सुमारे 180 किलोमीटर. पायथ्याशी भातखाचरे, जवळचे मोठे गाव तासिकमलाया. याआधीचा उद्रेक 1918 चा, म्हणजे 64 वर्षांपूर्वीचा. 1822 च्या उद्रेकात चार हजारांवर माणसे गेली होती.

त्याच दिवशी इंडोनेशियाच्या गरुडा कंपनीचे एक डीसी-9 विमान या राखेत सापडले. ते सुखरूप उतरले. ज्वालामुखीने दिलेला हा पहिला इशारा होता, आणि तो थेट एका विमानालाच मिळाला होता.

एप्रिल ते जून

उद्रेक थांबला नाही. काही दिवस शांततेत जात, मग पुन्हा स्फोट होई. हजारो लोकांना गावे सोडावी लागली. शेतांवर, छपरांवर, रस्त्यांवर राखेचे थर साचले. इंडोनेशियाच्या ज्वालामुखी सर्वेक्षण खात्याचे मुख्यालय बांडुंगला, म्हणजे या पर्वताच्या जवळच. शास्त्रज्ञांची नजर त्याच्यावर होती.

त्यांच्या नोंदी भूगर्भ खात्यात जात. वैमानिकाच्या हाती पडणारे कागद हवामान खाते आणि विमानतळाकडून येत. वारा किती, ढग कुठे, वादळ कुठे, कोणती धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद, एवढे त्यांत असे. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या टेबलावर पोचावा असा नियम नव्हता. गालुंगगुंगच्या दक्षिणेकडून जाणारा हवाई मार्ग चालूच राहिला.

24 जून, कुआलालंपूर

लंडनहून निघालेले ‘फ्लाइट 9’ मुंबईत थांबून सुबांग विमानतळावर आले. पुढचा टप्पा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ, मग मेलबर्न, शेवटी न्यूझीलंडमधले ऑकलंड. विमान बोइंग 747, नाव ‘सिटी ऑफ एडिनबरा’. पंखांखाली रोल्स-रॉइसची चार इंजिने.

इथे कर्मचारी बदलले. कॅप्टन एरिक मूडी, वय 41. सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज, वय 32. फ्लाइट इंजिनिअर बॅरी टाउनली-फ्रीमन, वय 40. प्रवासी 248, कर्मचारी 15. पर्थपर्यंतचे हवामान चांगले असल्याचा अंदाज होता. ज्वालामुखीच्या राखेचा कोणताही इशारा कॉकपिटपर्यंत पोचलेला नव्हता.

रात्री 8.40 च्या आधी

विमान 37,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 11,300 मीटर उंचीवर आहे. जावा मागे पडले आहे, खाली हिंदी महासागर. रात्र काळोखी आहे, आकाश निरभ्र. जेवणे आटोपली आहेत. काही प्रवासी झोपले आहेत, काही सिगारेट ओढत आहेत; त्या काळी विमानात धूम्रपानाला परवानगी होती.

हवामानाच्या रडारवर काही नाही. मूडी स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी उठतात आणि जिन्याने खालच्या मजल्यावर जातात. कॉकपिटमध्ये ग्रीव्ह्ज आणि टाउनली-फ्रीमन उरतात.

रात्री 8.40

समोरच्या काचेवर बारीक ठिणग्या उमटू लागतात. त्या अंधारातून विमानाकडे झेपावतात आणि काचेवर फुटतात. पाहता पाहता सगळी काच पांढऱ्या-निळ्या प्रकाशाने भरून जाते.

दोघांनाही हा प्रकार माहीत आहे. याला सेंट एल्मोची आग म्हणतात. गडगडाटी ढगांच्या जवळून जाताना विमानाच्या अंगावर स्थिर विद्युत साचते आणि अशी चमकते. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी डोलकाठीच्या टोकाला हाच प्रकाश पाहत आले होते.

पण त्यासाठी ढग हवा. रडारवर ढग नाही. बाहेर विजा नाहीत.

कॅप्टनना परत बोलावणे जाते.

मूडी जिन्याच्या पायथ्याशी आहेत. वर येताना त्यांना दिसते की भिंतींच्या कडेला, जमिनीलगतच्या झरोक्यांतून धुरासारखे काही पुंजक्यांनी बाहेर येते आहे. वास विजेच्या ठिणग्यांसारखा, झोंबणारा.

रात्री 8.41

मूडी खुर्चीत बसतात. तिघेही रडारचा पडदा पुन्हा पाहतात. तो कोराच आहे.

हवामानाचे रडार पाण्याचे थेंब शोधते. त्याने सोडलेल्या लहरी थेंबांवर आपटून परत येतात आणि पडद्यावर ढग उमटतो. ज्वालामुखीची राख कोरडी असते आणि तिचे कण अतिशय बारीक असतात. या रडारला ती दिसत नाही. पडदा कोरा आहे याचा त्या क्षणी एकच अर्थ होता : बाहेर पाणी नाही. कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ ‘बाहेर काही नाही’ असा घेतला गेला. 1982 मध्ये बहुतेक कोणत्याही वैमानिकाने तो तसाच घेतला असता.

दोन छोटे निर्णय होतात. इंजिनांवर बर्फ धरू नये म्हणून बर्फरोधक यंत्रणा चालू केली जाते. प्रवाशांसाठी पट्टे बांधण्याची खूण पेटवली जाते. दोन्ही निर्णय ढगासाठी योग्य आहेत. वेग, उंची आणि दिशा बदलत नाही. मिनिटाला जवळपास पंधरा किलोमीटर या वेगाने विमान राखेत आणखी आत जाते.

त्याच मिनिटाला, प्रवाशांच्या कक्षात

धूर दाटू लागला आहे. आधी सगळ्यांना तो सिगारेटचा वाटतो. केबिन कर्मचारी आसनांच्या रांगांतून जळकी सिगारेट शोधतात. ती सापडत नाही. धुराला आता गंधकाचा वास आहे.

खिडकीजवळच्या प्रवाशांना इंजिने दिसतात. ती आतून उजळली आहेत. पुढच्या पंख्याच्या पात्यांमधून निळसर-पांढरा झोत बाहेर पडतो आहे आणि त्या लुकलुकत्या प्रकाशात पाती अगदी सावकाश फिरत असल्याचा भास होतो आहे.

ठिणग्या, गंधक आणि उजळलेली इंजिने या तिन्ही खुणा आज वैमानिकांच्या राखेसंबंधीच्या सूचनांमध्ये आहेत. त्या रात्री त्या एकाच विमानात, पण वेगवेगळ्या माणसांपुढे होत्या.

रात्री 8.42

क्रमांक 4 चे, म्हणजे उजव्या पंखावरचे बाहेरचे इंजिन धक्के देऊ लागते आणि विझते. टाउनली-फ्रीमन आणि ग्रीव्ह्ज ठरलेली कृती करतात : इंधन बंद, आगनियंत्रक सज्ज. चारांपैकी एक इंजिन बंद पडणे ही 747 साठी मोठी आपत्ती नसते. सरावात हे अनेकदा केलेले असते.

रात्री 8.43

एक मिनिटही झालेले नसताना क्रमांक 2 विझते. त्यासाठीची कृती सुरू होण्याआधीच, काही सेकंदांच्या अंतराने, 1 आणि 3 विझतात.

टाउनली-फ्रीमन मोठ्याने सांगतात की यावर विश्वास बसत नाही, पण चारही इंजिने बंद पडली आहेत.

त्याच वेळी, इंजिनांच्या आत

ज्वालामुखीची राख लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती खडक आणि काच यांचे धारदार कण असते. ती सुमारे 1,100 अंश सेल्सिअसला वितळू लागते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान त्याच्या वर असते. आत आलेले कण वितळले, मागच्या टर्बाइनच्या तुलनेने थंड भागांवर जाऊन चिकटले आणि थिजले. हवेची वाट अरुंद झाली. हवेचा प्रवाह बिघडला आणि ज्योत विझली.

कॉकपिटमधल्या तिघांना यातले काही माहीत नाही. इंधन पुरेसे आहे, आगीची सूचना नाही. चार वेगवेगळी इंजिने एकाच मिनिटात कशी बंद पडतील, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नाही.

रात्री 8.44

ग्रीव्ह्ज जकार्ता नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ कळवतात : चारही इंजिने गेली आहेत, 37,000 फूट सोडतो आहोत.

जकार्तात त्याचा अर्थ ‘चार नंबरचे इंजिन गेले’ असा घेतला जातो. एक इंजिन गेलेल्या जंबोसाठी कोणी घाई करत नाही. जवळून जाणाऱ्या गरुडाच्या एका विमानाला खरा निरोप समजतो आणि त्याचे वैमानिक तो जकार्ताला पुन्हा सांगतात.

ग्रीव्ह्ज आणीबाणीचा 7700 हा संकेत लावतात. तरीही जकार्ताच्या रडारवर विमान सापडत नाही. मुंबईत या वेळी सायंकाळचे 7.14 झालेले आहेत.

37,000 फुटांपासून खाली

इथून पुढे घड्याळापेक्षा उंचीमापक महत्त्वाचे. 747 विमान इंजिनांशिवाय एक किलोमीटर खाली येताना सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जाते. 37,000 फुटांवरून हिशेब असा : सुमारे 23 मिनिटे, 169 किलोमीटर.

विमान जकार्ताकडे वळवले जाते. वाटेत जावाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे डोंगर आहेत. ते ओलांडायला निदान 11,500 फूट उंची लागते. तिघे मिळून मर्यादा ठरवतात : 12,000 फुटांपर्यंत इंजिने चालू झाली नाहीत तर मागे फिरायचे आणि समुद्रावर उतरायचे. अंधारात, लाटांवर. 747 समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न तोवर जगात कोणी केलेला नव्हता.

28,000 फुटांच्या वर

पुस्तिकेनुसार इंजिन हवेत पुन्हा सुरू करायचे तर उंची 28,000 फुटांपेक्षा कमी हवी. ते थांबत नाहीत. टाउनली-फ्रीमन चारही इंजिनांची कृती पुन्हा पुन्हा करत राहतात. इंजिने पेट घेत नाहीत. न जळलेले इंधन मागे पेटते आणि प्रवाशांना खिडकीतून पिवळ्या ज्वाळा दिसतात.

मूडी आणि ग्रीव्ह्ज यांच्यासमोरची वेगमापके वेगवेगळे आकडे दाखवत आहेत. ठरावीक वेगाला इंजिने सुरू होण्याची शक्यता जास्त असते. पण खरा वेग कोणता, ते कळत नाही. मूडी विमानाचे नाक थोडे वर, थोडे खाली करत वेग बदलत राहतात, म्हणजे कधीतरी तो योग्य आकड्यावरून जाईल.

प्रवाशांसाठी घोषणा

मूडी ध्वनिक्षेपक घेतात. कॅप्टन बोलत असल्याचे सांगून ते म्हणतात की एक छोटी अडचण आहे. चारही इंजिने थांबली आहेत. ती पुन्हा सुरू करण्यासाठी आम्ही जिवापाड प्रयत्न करत आहोत. आपल्याला फार त्रास होत नसावा, अशी आशा आहे.

काही प्रवासी कागद शोधतात आणि घरच्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवतात. कक्षात इंजिनांचा आवाज नाही.

28,000 फुटांच्या खाली

इंजिने बंद म्हणजे विमानात दाबाची हवा येणेही बंद. आतला दाब उतरत जातो. प्राणवायूचे मुखवटे छतातून खाली पडतात. कॉकपिटमध्ये तिघेही आपापले मुखवटे उचलतात. ग्रीव्ह्ज यांच्या मुखवट्याची नळी सुटून हातात येते.

निर्णय मूडींचा. उंची राखायची की सहवैमानिकाचा श्वास? उंची हेच त्यांच्याकडचे एकमेव इंधन आहे. ते नाक खाली करतात. मिनिटाला 6,000 फूट या वेगाने विमान खालच्या, दाट हवेकडे उतरते. किनाऱ्यावरचे डोंगर ओलांडण्याची शक्यता तेवढी कमी होते. ग्रीव्ह्ज नळी जोडून घेतात.

13,500 फूट

ठरवलेली मर्यादा 1,500 फुटांवर आली आहे. समुद्राकडे वळायची तयारी करण्याची ही वेळ. इंजिने सुरू करण्याची तीच कृती पुन्हा केली जाते.

रात्री 8.56

क्रमांक 4 चे इंजिन पेट घेते. सर्वांत आधी बंद पडलेले इंजिन सर्वांत आधी सुरू होते. मूडी त्याच्या जोरावर उतरण्याचा वेग कमी करतात. थोड्याच वेळात क्रमांक 3 सुरू होते आणि विमान उंची धरून सावकाश चढू लागते. मग 1 आणि 2.

कारण नंतर समजले. विमान घसरत घसरत राखेच्या ढगाखाली आले होते. विझलेली इंजिने थंड झाली, आत थिजलेली राख ठिसूळ होऊन तिचे पापुद्रे सुटले आणि हवेला पुन्हा वाट मिळाली. कॉकपिटमधल्या तिघांनी योग्य तेच केले होते. पण ते लागू का पडले, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसल्यानेच पुढचा निर्णय झाला.

15,000 फूट

डोंगर सुरक्षितपणे ओलांडता यावेत म्हणून ते वर चढण्याची परवानगी मागतात. ती मिळते. आलेल्या परिस्थितीत ही सर्वांत शहाणपणाची मागणी आहे.

15,000 फुटांच्या जवळ काचेवर पुन्हा ठिणग्या दिसतात.

या वेळी कोणी रडारकडे पाहत बसत नाही. मूडी ताबडतोब शक्ती कमी करतात आणि विमान खाली घेतात. तेवढ्यात क्रमांक 2 पुन्हा धक्के देऊ लागते. ते बंद केले जाते. पुढचा प्रवास तीन इंजिनांवर, 12,000 फुटांवर.

काचेवरच्या दिव्यांचा वैमानिकांनी लावलेला हा पहिला बरोबर अर्थ. दिवे कशाचे, हे अजून कळलेले नाही. ते दिसले की तिथे थांबायचे नाही, एवढे कळले आहे.

जकार्ता, हालिम पर्दानाकुसुमा विमानतळ

विमानतळ सांगतो की दृश्यमानता चांगली आहे. कॉकपिटमधून मात्र धावपट्टीचे दिवे धूसर दिसतात. राखेने समोरची काच घासून दुधी केली आहे. कडेला एक अरुंद पट्टी तेवढी आरपार दिसते.

धावपट्टीवर उतरण्याचा कोन दाखवणारी यंत्रणा त्या रात्री बंद आहे. डावी-उजवी दिशा दाखवणारा भाग चालू आहे. ग्रीव्ह्ज अंतर मोजणाऱ्या यंत्रावर नजर ठेवतात आणि इतक्या मैलांवर इतके फूट, असे आकडे मोठ्याने सांगत राहतात. मूडी त्या आकड्यांवर विमान उतरवतात. विमानाचे दिवे लागलेले आहेत, पण त्यांच्या काचाही दुधी झाल्याने प्रकाश पुढे पडत नाही.

चाके टेकतात. प्रवाशांपैकी कोणी जखमी नाही. विमान स्वतःहून थांब्यापर्यंत जाऊ शकत नाही. घासलेल्या काचेवर दिव्यांचा झगमगाट पसरून समोरचे काहीच दिसत नाही. ओढून नेणाऱ्या गाडीची वाट पाहत ते उभे राहते.

त्यानंतरचे दिवस

पंखांच्या पुढच्या कडांचा रंग उडाला होता. इंजिनांच्या आत राख आणि थिजलेली काच सापडली. इंधनाच्या टाक्यांमध्येही राख गेली होती. ते इंधन टाकून द्यावे लागले. 1, 2 आणि 3 ही इंजिने आणि समोरची काच जकार्तात बदलली. चौथे इंजिन लंडनला गेल्यावर बदलले. वेगमापके का जुळत नव्हती, तेही कळले : बाहेरची हवा मोजणाऱ्या नळ्यांत राख शिरली होती.

कर्मचाऱ्यांना पुढे ब्रिटनच्या राणीकडून प्रशस्ती मिळाली. एरिक मूडी 2024 मध्ये वारले.

गालुंगगुंगभोवतीचे आकाश विमानांसाठी बंद करण्यात आले. काही दिवसांनी ते पुन्हा उघडले.

13 जुलै 1982

‘फ्लाइट 9’ नंतर 19 दिवसांनी सिंगापूर एअरलाइन्सचे एक 747 विमान त्याच भागातून जात होते. ते राखेत शिरले. त्याची तीन इंजिने बंद करावी लागली.

या वेळी कारण सगळ्यांना ठाऊक होते. पर्वत तोच होता, उद्रेकही तोच. यानंतर इंडोनेशियाने तो मार्ग कायमचा बदलला आणि राखेच्या ढगांवर नजर ठेवण्याची व्यवस्था केली. गालुंगगुंगचा उद्रेक पुढे जानेवारी 1983 पर्यंत चालला.

15 डिसेंबर 1989

अलास्कातला माउंट रिडाउट हा ज्वालामुखी आदल्या दिवशी जागा झाला होता. अँकरेजकडे उतरणारे केएलएमचे ‘फ्लाइट 867’ त्याच्या राखेत शिरले. विमान 747 च्या नव्या पिढीतले, वापरात येऊन सहा महिनेही न झालेले. आत 245 माणसे.

वैमानिकांनी ढगातून बाहेर पडण्यासाठी पूर्ण शक्ती लावून विमान वर चढवले. शक्ती वाढली तसे इंजिनांचे तापमान वाढले, तेवढी जास्त राख आत गेली आणि वितळली. चारही इंजिने विझली. 14,000 फुटांहून अधिक खाली आल्यावर ती सुरू झाली. सगळे वाचले. नुकसान आठ कोटी डॉलरच्या घरात गेले.

राखेत सापडल्यावर काय करायचे, हे आज प्रत्येक वैमानिकाला शिकवले जाते : शक्ती कमी करा, चढू नका, आलात त्या दिशेने वळा. यातली प्रत्येक सूचना कोणीतरी उलट वागून झाल्यावर लिहिली गेली आहे.

1987 नंतर

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ज्वालामुखींवर नजर ठेवण्याची जागतिक यंत्रणा उभी केली. 1990 च्या दशकात राखेचा इशारा देणारी नऊ केंद्रे ठरली : लंडन, तुलूज, अँकरेज, वॉशिंग्टन, मॉन्ट्रियल, डार्विन, टोकियो, वेलिंग्टन आणि ब्यूनोस आयर्स. इंडोनेशियाचे आकाश डार्विनकडे आहे. भूगर्भ खात्याचा कागद वैमानिकाच्या हातापर्यंत नेणे हेच या केंद्रांचे मुख्य काम.

एप्रिल 2010 मध्ये आइसलंडच्या एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीची राख युरोपवर आली आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. विमान कंपन्यांनी तक्रार केली, विमानतळांवर माणसे अडकून पडली. राखेत शिरून एकही प्रवासी विमान पडले नाही.

नोव्हेंबर 2025

23 तारखेला इथिओपियातला हैली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख तांबडा समुद्र आणि ओमान ओलांडून भारताकडे सरकली. तुलूज केंद्राने इशारे दिले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना राखेचा पट्टा टाळण्याच्या सूचना केल्या. एअर इंडियाने आणि इतर कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली. त्या पट्ट्यावरून आधी जाऊन आलेल्या विमानांची तपासणी झाली. प्रवासी चिडले, काहींचे पुढचे विमान चुकले.

निष्कर्ष

त्या 24 जूनला गालुंगगुंग फुटून 80 दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी एक विमान राखेत सापडून गेले होते. राख इंजिन बंद पाडते, हे दोन वर्षांपूर्वी दिसले होते. ‘फ्लाइट 9’ च्या वैमानिकांना यातले काहीही कोणी सांगितले नाही, आणि काचेवर ठिणग्या दिसल्यावर पहिले इंजिन विझेपर्यंत त्यांच्या हाती दोन मिनिटे उरली. मूडी, ग्रीव्ह्ज आणि टाउनली-फ्रीमन यांनी 263 जीव वाचवले, याबद्दल वाद नाही. पण तो हवाई मार्ग त्यांच्यामुळे बदलला नाही. तो बदलण्यासाठी 19 दिवसांनी आणखी एका विमानाची तीन इंजिने बंद पडावी लागली.